बीजगणिताचा गृहपाठ आणि ताळ्याची सवय

(उच्च प्राथमिक वर्गांच्या शिक्षकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



सहावी ते आठवीच्या वर्गांना गणित शिकविणाऱ्या शिक्षकाच्या टेबलावर रोज वह्यांचा जो ढीग येऊन पडतो, तो आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय लहान दिसतो, पण शिक्षकाचा निम्मा शीण त्या ढिगातच असतो. म्हणून प्रथम त्याचा हिशेब मांडावयास हवा. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. त्याने या वर्गांसाठी पस्तीस मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण घालून दिले आहे. प्रत्येक मुलास रोज पाचच उदाहरणे दिली, तरी तपासावयाची उत्तरे १७५ होतात. एका उत्तरास अवघे अर्धे मिनिट दिले, तरी साडेसत्याऐंशी मिनिटे, म्हणजे जवळजवळ दीड तास लागतो. हा हिशेब एका वर्गाचा व एका विषयाचा आहे. ज्या शिक्षकाकडे दोन-तीन वर्गांचे गणित असते, त्याच्या बाबतीत हा गुणाकार करून पाहण्याचेही धैर्य होत नाही.

मग व्यवहारात होते काय? शिक्षक वही उघडतो, उदाहरणाच्या शेवटच्या ओळीवर नजर टाकतो, पुस्तकाच्या शेवटी दिलेल्या उत्तराशी ती जुळली तर तांबड्या शाईने बरोबरची खूण करतो, न जुळली तर फुली मारतो आणि पुढली वही ओढतो. यात शिक्षकाला दोष देण्याचे कारण नाही. दीड तासाचे काम वीस मिनिटांत करावयाचे तर दुसरे होणार काय? परंतु या पद्धतीने मुलाच्या हाती काय पडते, याचा विचार व्हावयास पाहिजे. फुली पडलेल्या मुलास आपले चुकले एवढे कळते, पण कोठे चुकले हे कळत नाही. बरोबरची खूण मिळालेल्या मुलाला आपले उत्तर बरोबर आहे हे शिक्षकाने सांगितले म्हणून कळते. त्याचे त्याला कळलेले नसते. आणि ज्याने शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेतले, त्यालाही तीच खूण मिळते.

वस्तुतः शाळेतील सर्व विषयांत बीजगणित हा एक असा विषय आहे की ज्यात उत्तर बरोबर की चूक हे दुसऱ्या कोणाला विचारावेच लागत नाही. इतिहासातील सन पाठ नसेल तर पुस्तक पाहावे लागते. शुद्धलेखनात ऱ्हस्व-दीर्घाचा निर्णय नियम माहीत असल्यावाचून होत नाही. परंतु समीकरणाची उकल बरोबर आहे की नाही, हे त्या समीकरणालाच विचारता येते. आपल्या जुन्या व्यापाऱ्यांच्या व पंतोजींच्या भाषेत यास सुंदर शब्द आहे : ताळा. हिशेब लिहिणारा कारकून बेरीज मारून उठत नसे. ताळा जुळल्यावर उठत असे. शाळेत हा शब्द ‘पडताळा’ या रूपाने राहिला आहे, परंतु सवय मात्र बाजारातच राहिली.

ही सवय कोणाला सर्वांत अधिक हवी, हे ध्यानात येण्यासाठी खाडीपलीकडील मानखुर्दचे उदाहरण घेऊ. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांपुढे मुंबई महापालिकेच्या हद्दीतील वस्तीचे उदाहरण कशासाठी, अशी शंका कोणास येईल. कारण एवढेच की, खेड्यातील शाळेत ज्या अडचणी एकेकट्या भेटतात त्या तेथे एकत्र नांदतात.

मानखुर्द हे मूळचे खाडीकाठचे गाव. १९५१ साली हार्बर मार्गाची रेल्वे तेथवर आली आणि १९९२ साली पूल ओलांडून वाशीला गेली. दरम्यानच्या काळात व त्यानंतरही मुंबईला जी माणसे कामाला हवी होती पण डोळ्यांसमोर नको होती, त्यांना शहराने या बाजूस आणून वसविले. १९७६ साली जनता कॉलनीतील कुटुंबे उठवून जवळच्या चीता कॅम्पात नेली. चालू शतकाच्या पहिल्या दशकात रेल्वेमार्ग व रस्ते रुंद करताना हटविलेली हजारो कुटुंबे लल्लूभाई कंपाउंडमधील दाट इमारतींत आली. प्रत्येक कुटुंबास २२५ चौरस फुटांचे घर मिळाले. उत्तरेस देवनारची कचराभूमी आहे. ती १९२७ पासूनची. जानेवारी २०१६ मध्ये तिला लागलेल्या आगीचा धूर इतका पसरला की परिसरातील महापालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. मुंबईच्या मानव विकासाचा जो अहवाल २००९ साली निघाला, त्यात हा ‘एम-पूर्व’ विभाग शहरातील सर्व विभागांत शेवटी होता.

आता अशा २२५ चौरस फुटांत संध्याकाळी गृहपाठास बसलेले सातवीतील मूल डोळ्यांपुढे आणावे. आई चार घरची कामे उरकून आलेली, तिला स्वयंपाकाची घाई. वडील पाळीवर गेलेले किंवा पाळीवरून येऊन झोपलेले. धाकटे भावंड मांडीवर. दूरदर्शन संचाचा आवाज आपल्या घरातला बंद केला तरी शेजारच्या घरातला बंद होत नाही. पाण्याची वेळ झाली की वही मिटून हंडे-कळशा घेऊन उठावे लागते. अशा मुलाने पाच समीकरणे सोडविली, तर ती बरोबर आहेत की नाहीत हे विचारावे कोणाला? आईवडील अक्षरशत्रू नसले तरी बीजगणिताशी त्यांची ओळख नसते. गिरगावातील किंवा दादरमधील मुलास शिकवणी असते, शिकलेली मावशी असते, थोरला भाऊ असतो. मानखुर्दच्या मुलास यांपैकी कोणी नसेल, तर त्याला दुसऱ्या दिवशीच्या तांबड्या शाईची वाट पाहावी लागते. आणि ती शाईही, वर सांगितलेल्या हिशेबामुळे, कधी परवा येते तर कधी येतच नाही. ताळा ही त्या मुलाची शिकवणी होय, आणि तिला पैसे पडत नाहीत.

प्रत्यक्ष उदाहरण घेऊन पाहू. फळ्यावर समीकरण आहे : ३(क्ष − ४) = क्ष + ६. वर्गातील मुलांच्या वह्यांत हमखास आढळणारी एक मांडणी अशी :

३(क्ष − ४) = क्ष + ६
३क्ष − ४ = क्ष + ६
२क्ष = १०
क्ष = ५

शिक्षकास येथील चूक तत्काळ दिसते. कंसाबाहेरील तीनने क्षला गुणले, चारला गुणावयाचे राहिले. मुलास ती दिसत नाही, कारण त्याच्या दृष्टीने प्रत्येक ओळ सुरळीत उतरली आहे. त्याला एवढेच सांगावे की मिळालेले ५ पहिल्या ओळीत घाल. डावी बाजू : ५ मधून ४ गेले, उरला १, त्याची तिप्पट ३. उजवी बाजू : ५ आणि ६ मिळून ११. तीन म्हणजे अकरा नव्हेत. उत्तर चुकले हे त्याला कोणी सांगावे लागले नाही.

येथे पुष्कळ शिक्षक थांबतात, आणि ताळ्याचा खरा उपयोग तर येथून पुढे आहे. तेच ५ आता दुसऱ्या ओळीत घालावयास सांगावे. डावी बाजू : पाच त्रिक पंधरा, त्यातून ४ गेले, ११. उजवी बाजू ११. जुळले! तिसऱ्या ओळीत : दहा म्हणजे दहा. तेही जुळले. पहिल्या ओळीत जे जुळत नाही ते दुसऱ्या ओळीपासून जुळू लागते. याचा अर्थ पहिल्या व दुसऱ्या ओळींच्या मध्ये काहीतरी बिघडले आहे. चोर कोणत्या दाराने आत शिरला ते कळले. मूल आता संबंध उदाहरण पुन्हा करीत बसत नाही. तेवढ्या दोन ओळींकडे पाहते, आणि बहुधा त्याची त्यालाच कंसातली चूक सापडते. दुरुस्त केल्यावर ३क्ष − १२ = क्ष + ६, म्हणून २क्ष = १८, म्हणून क्ष = ९. ताळा : ९ मधून ४ गेले ५, त्याची तिप्पट १५, ९ आणि ६ मिळूनही १५.

चूक खालच्या ओळीत असेल तर? एका मुलाने असे लिहिले आहे असे समजा :

४क्ष + ९ = क्ष + ३०
३क्ष + ९ = ३०
३क्ष = ३९
क्ष = १३

तेरा पहिल्या ओळीत घातले तर एकीकडे ६१ व दुसरीकडे ४३. दुसऱ्या ओळीत एकीकडे ४८ व दुसरीकडे ३०. तिसऱ्या ओळीत मात्र ३९ आणि ३९. तेव्हा बिघाड दुसरी व तिसरी ओळ यांच्या मध्ये आहे. नऊ दुसऱ्या बाजूस नेताना त्याचे चिन्ह बदलावयाचे राहिले. तीस मधून नऊ वजा केले की ३क्ष = २१ व क्ष = ७ मिळते, आणि ३७ = ३७ असा ताळा बसतो.

या पद्धतीत एकच खबरदारी फार महत्त्वाची आहे. ताळा पुस्तकातील मूळ समीकरणाशी पाहावयाचा. आपल्या वहीतील दुसऱ्या-तिसऱ्या ओळीशी नव्हे. पहिल्या उदाहरणातील मुलाने दुसऱ्या ओळीशी ताळा पाहिला असता तर अकरा-अकरा जुळले असते आणि त्याने समाधानाने वही मिटली असती. शिवाय फळ्यावरून वा पुस्तकातून उतरवून घेतानाच ६ चा ९ झालेला असतो, तेव्हा वहीतील पहिली ओळही विश्वासाची नसते. म्हणून ताळ्याच्या वेळी पुस्तक उघडे पाहिजे. आणखी एक मर्यादा आहे. दोन चुका परस्परांना मारून टाकतात व उत्तर बरोबर येते, असे क्वचित घडते. तेथे ताळा बिनबोभाट जुळतो. अशा वेळी शिक्षकाच्या नजरेवाचून गत्यंतर नाही.

शाब्दिक उदाहरणांत ताळा समीकरणाशी पाहूनही भागत नाही. तो गोष्टीशी पाहावा लागतो. आईचे वय मुलाच्या तिप्पट आहे, बारा वर्षांनी ते दुप्पट होईल, तर आज मुलाचे वय किती? एखादे मूल घाईत ३क्ष + १२ = २क्ष + १२ असे समीकरण मांडते. बारा वर्षे दोघांच्याही वयांत मिळवावयाची आणि मग दुप्पट करावयाची, हे त्याच्या ध्यानातून निसटते. सोडविल्यावर क्ष = ० येते. समीकरणाशी ताळा पाहिला तर तो चोख बसतो : १२ = १२. मुलाचे वय शून्य, आईचेही वय शून्य. आणि हे मूल उत्तराखाली दोन रेघा ओढून मोकळे होते. त्याला गोष्ट पुन्हा वाचावयास लावली की वर्गात हशा पिकतो, आणि तो हशा निरोगी असतो. बरोबर समीकरण ३क्ष + १२ = २(क्ष + १२) हे होय. त्यातून मुलगा बारा वर्षांचा व आई छत्तीसची निघते, आणि बारा वर्षांनी चोवीस व अठ्ठेचाळीस असा मेळ बसतो.

शाब्दिक उदाहरणे मुलांच्या घरातून घेतली तर गोष्टीशी ताळा पाहणे त्यांना आपोआप सुचते. दोनशे लिटरच्या पिंपात वीस लिटर पाणी शिल्लक आहे. पंधरा लिटरची बादली किती वेळा आणून ओतली म्हणजे ते भरेल? मानखुर्दच्या मुलीला या उदाहरणाचे उत्तर बारा येते की नाही हे समीकरणाआधीच हाताच्या अंदाजाने कळते. तिला कोणी एकशेऐंशी बादल्या सांगितल्या तर ती ऐकून घेणार नाही.

ही दृष्टी बाहेरून आणलेली नव्हे. बाराव्या शतकात होऊन गेलेल्या भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त व्यस्तविधी सांगितला आहे. शेवटच्या उत्तरापासून उलट चालत जावे, गुणाकार असेल तेथे भागाकार करावा, मिळवले असेल तेथे वजा करावे, आणि मूळ संख्येपर्यंत पोचावे, हे त्याचे स्वरूप. त्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथात माकडांचे एक उदाहरण आहे. कळपाच्या पाचव्या हिश्श्यातून तीन वजा करून त्याचा वर्ग केला, तितकी माकडे गुहेत गेली, एक फांदीवर दिसते; तर एकंदर माकडे किती? समीकरणाची उत्तरे दोन येतात, ५० आणि ५. पन्नासांचा पाचवा हिस्सा दहा, तीन वजा केले सात, त्याचा वर्ग एकोणपन्नास, वरचे एक मिळून पन्नास. पाचांचा पाचवा हिस्सा एक, तीन वजा केले उणे दोन, वर्ग चार, वरचे एक मिळून पाच. समीकरणाचा ताळा दोन्हींना बसतो. तरीही भास्कराचार्यांनी पाच हे उत्तर बाजूस सारले, कारण एका माकडातून तीन माकडे काढता येत नाहीत आणि असे उणे उत्तर लोकांना पटत नाही. गोष्टीशी ताळा पाहणे म्हणजे हेच. चाळीसगावजवळ पाटण येथे शके ११२८ चा शिलालेख आहे, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो प्रकाशात आणला. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केला, असे त्यात नोंदलेले आहे. म्हणजे या प्रांतात बीजगणिताच्या अध्यापनाची सोय आठशे वर्षांपूर्वी झालेली होती. त्या मठात वह्यांचा ढीग नव्हता, एवढाच काय तो फरक!

समीकरणे सोडून बैजिक राशींकडे आले की मुले म्हणतात, येथे उत्तर म्हणून संख्याच येत नाही, मग ताळा कशाचा? येथे अक्षराच्या जागी स्वतःच एखादी संख्या घालावयाची. (अ + ब) चा वर्ग अ² + ब² असे लिहिण्याचा मोह पिढ्यान्‌पिढ्या मुलांना होत आला आहे, आणि नियम शंभर वेळा सांगून तो जात नाही. अ = २ व ब = ३ घालावयास सांगावे. डावीकडे पाचांचा वर्ग २५, उजवीकडे ४ आणि ९ मिळून १३. बाराचा फरक आला. हे बारा कोठे गेले, असे विचारले की २अब ची गरज मुलास पटते. दोन दुणे चार, चार त्रिक बारा.

संख्या निवडताना ० आणि १ टाळाव्यात. ब = ० घातले तर वरील चुकीचे सूत्रही बरोबर भासते. क्ष चा वर्ग व क्ष ची दुप्पट यांची गल्लत झाली असेल तर २ ही संख्या दगा देते, कारण दोन्हीकडे चारच येतात. अवयव पाडण्याच्या उदाहरणांत १० ही संख्या विशेष सोयीची पडते. क्ष² + ७क्ष + १२ यात दहा घातले तर शंभर, सत्तर आणि बारा, एकंदर १८२. अवयव (क्ष + ३)(क्ष + ४) पाडले असतील तर तेरा चोक बावन्न करीत तेरा चौदे १८२ येतातच. कोणी (क्ष + २)(क्ष + ६) लिहिले असेल तर बारा गुणिले सोळा १९२ होऊन दहाचा फरक दिसतो. चिन्हांची गफलत तर याहून लवकर उघडी पडते. क्ष² − क्ष − ६ ची किंमत दहासाठी ८४ आहे. (क्ष − ३)(क्ष + २) म्हणजे सात गुणिले बारा, ८४. चिन्हे उलटी पडली तर तेरा गुणिले आठ, १०४. अर्थात एका संख्येचा ताळा जुळला म्हणजे उत्तर सिद्ध झाले असे नाही. न जुळला तर मात्र ते निश्चित चूक. हा भेद आठवीतील मुलांना समजतो, आणि समजावून सांगण्याजोगा आहे.

पाचवी-सहावीपासून ही सवय लावावयाची असल्यास अंकगणितातही साधने आहेत. गुणाकारासाठी नवाचा ताळा जुन्या लोकांना ठाऊक होता; ३४७ × २६ = ९०२२ यात अंकांच्या बेरजा अनुक्रमे ५, ८ व ४ येतात, आणि पाच आठे चाळीस यांच्या अंकांची बेरीजही ४. अंकांची अदलाबदल मात्र या ताळ्याला पकडता येत नाही. वजाबाकीसाठी तर देवळालीच्या शाळेत शिकविणारे गणितशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी एक देणगीच दिली आहे. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने लिहून वजाबाकी करावी, आलेल्या संख्येवर तेच पुन्हा करावे. फार तर सात वेळांत ६१७४ ही संख्या येतेच येते. ३५२४ घेतले तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. पस्तीस मुलांना पस्तीस निरनिराळ्या संख्या द्याव्यात. कोणाला कोणाचे उतरवून घेता येत नाही, शिक्षकास एकही वही तपासावी लागत नाही, आणि ज्याला सात वेळांत ६१७४ मिळाले नाही तो स्वतःच मागे फिरून हातच्याची चूक शोधू लागतो. एका प्राथमिक शाळेच्या फळ्यावर शोभावे असे हे संशोधन आहे, आणि ते एका शाळाशिक्षकाने केले याचा शिक्षकवर्गाला योग्य तो अभिमान वाटावा.

आता रोजच्या कटकटींविषयी. वही घरी राहिली, वही भिजली, पाने संपली, धाकट्याने फाडली. प्रार्थनेपूर्वी जिन्यावर बसून एकाची वही चौघांत फिरली. दोन अधिवेशनांच्या शाळेत दुपारची मुले दाराशी उभी असल्याने सकाळच्या वर्गास पाच मिनिटेही जास्त मिळत नाहीत. कायद्याने शिक्षकास जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणूक यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामे देऊ नयेत. पण या तिहींपैकी एखादे निघाले की आठवडाभर ढीग तसाच राहतो. या कटकटी कोणत्याही पद्धतीने नाहीशा होणार नाहीत, तसे आश्वासन देणे अप्रामाणिकपणाचे होईल. ताळ्याने त्यांतील काहींचा भार उतरतो, इतकेच.

तो कसा, हे पाहण्यासारखे आहे. गृहपाठास पाचांऐवजी तीनच उदाहरणे द्यावीत, परंतु प्रत्येकाखाली ताळा संपूर्ण मांडलेला असावा. ‘डावी बाजू = उजवी बाजू, म्हणून उत्तर बरोबर’ हे वाक्य पुरेसे धरू नये. ते वाक्य मुले ताळा न पाहताच लिहितात, आणि चुकीच्या उत्तराखालीही मोत्यासारख्या अक्षरांत लिहितात! दोन्ही बाजूंच्या संख्या मांडलेल्या दिसल्या पाहिजेत. ज्याचा ताळा जुळला त्याच्या वहीवर शिक्षकाने नुसती नजर फिरवावी. ज्याचा जुळला नाही त्याने तसे स्पष्ट लिहावे, ‘ताळा जुळत नाही, दुसऱ्या व तिसऱ्या ओळींत बिघाड वाटतो.’ शिक्षकाचा वेळ या वह्यांसाठी आहे. पस्तिसांपैकी अशा आठ-दहा निघाल्या, तर त्या नीट पाहणे एका मधल्या सुट्टीत जमते.

परंतु हे घडून येण्यास एक अट आहे, आणि ती पाळणे शिक्षकास सर्वांत जड जाते. ‘ताळा जुळत नाही’ असे लिहिणाऱ्या मुलास त्या लिहिण्याबद्दल काहीही सोसावे लागता कामा नये. शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना कायद्याने बंदी आहेच. पण टोमणा, वर्गासमोर उभे करणे, गुणांची कपात, यांनीही तेच साधते. मूल दुसऱ्या दिवसापासून शेजाऱ्याची वही मागू लागते. याउलट त्या प्रामाणिक ओळीला निम्मे गुण दिले, तर उतरवून घेण्याचे कारणच पुष्कळसे उरत नाही. मुले नक्कल करतात ती आळसामुळे थोडी आणि फुलीच्या भीतीमुळे फार. ज्याला पाण्याच्या रांगेमुळे दोनच उदाहरणे झाली, त्याने दोनच आणावीत व तसे लिहावे. दोन खरी उदाहरणे पाच उतरविलेल्या उदाहरणांहून शिक्षकाच्या अधिक उपयोगाची आहेत, कारण त्यावरून उद्या काय शिकवावयाचे ते कळते.

अलीकडे पुष्कळ घरांत भ्रमणध्वनी आला आहे, आणि उदाहरणाचे छायाचित्र काढले की तो पायऱ्यांसकट उत्तर दाखवितो. याविषयी शिक्षकांच्या बैठकांतून फार संताप ऐकू येतो. संताप समजण्यासारखा आहे, परंतु पूर्वी पुस्तकाच्या शेवटची उत्तरांची पाने शिवून टाकणारे शिक्षकही असत, आणि मुले ती टाचणीने उसवून पाहत. यंत्राने दिलेले उत्तर असो की उत्तरसूचीतील असो, त्याचा ताळा वर्गात पुस्तक उघडून, हाताने, मुलाने पाहिला पाहिजे. आणि कोणत्याही एका ओळीतून पुढची ओळ कशी आली हे तोंडी सांगता आले पाहिजे. रोज पाच मुलांना असे विचारले तरी आठवड्यात वर्ग निम्म्याहून अधिक होतो. घरी यंत्र कोणाजवळ आहे व कोणाजवळ नाही, ही विषमता त्या प्रश्नापुढे टिकत नाही.

उत्तरसूचीविषयी शेवटी थोडे. पाठ्यपुस्तके तयार करणारे मंडळ, म्हणजे पुण्याची बालभारती, १९६७ पासून हे काम करीत आहे, आणि इतक्या मोठ्या छपाईत एखादा अंक इकडचा तिकडे होणे अशक्य नाही. देवनागरीत ६ आणि ९ हे तर एकमेकांची पाठ धरूनच उभे असतात. समजा, वरच्या पहिल्या समीकरणाचे उत्तर सूचीत ९ ऐवजी ६ छापले गेले, आणि सातवीतील एखादी मुलगी उठून म्हणाली, “बाई, माझे उत्तर नऊ येते आणि पुस्तकात सहा आहे.” बहुतेक वर्गांत तिला पुन्हा सोडवून पाहावयास सांगितले जाईल, आणि ती बिचारी ओढूनताणून सहा आणून दाखवील. त्याऐवजी दोन्ही संख्या फळ्यावर घ्याव्यात. सहातून चार गेले दोन, त्याची तिप्पट सहा, पण सहा आणि सहा मिळून बारा, जुळत नाही. नवाचा ताळा पंधरा-पंधरा असा बसतो. मग पस्तीसही मुलांनी आपापल्या पुस्तकातील तो अंक पेनाने दुरुस्त करावा, आणि मंडळाला एक पत्र जावे. त्यात पृष्ठ, उदाहरणाचा क्रमांक, ताळ्याच्या दोन ओळी आणि खाली त्या मुलीची सही असावी.